झोपेतलं पाणी

भिंत पुन्हा वाजायला लागली तेव्हा ती बाळाच्या दुपट्यांच्या घड्या करत होती. टक् टक् टक् टक्. घाई नाही, आळस नाही, कुणी बोलावतंय असंही नाही. हातातलं दुपटं अर्धवट दुमडलेलं राहिलं. आधी तिला बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याची लगेच लाज वाटली. कित्येक महिने ही भिंत गप्प होती. बाबांच्या डोक्यात बारीक तारा बसवल्या, छातीत कातडीखाली काड्यापेटीएवढं यंत्र ठेवलं, तेव्हापासून भिंतीला बोलायचं कारणच उरलं नव्हतं. त्याआधी कितीतरी वर्षं पलीकडच्या खोलीत बाबा आडवे झाले की त्यांचा उजवा हात थरथरत पलंगाच्या कडेला लागायचा, पलंगाची कड भिंतीला, आणि अलीकडे भिंतीला पाठ टेकून पडलेल्या तिला ते सगळं मणक्यातून कळायचं. मग कधीतरी ते थांबायचं. कंपवाताच्या हाताला एवढी एकच सुट्टी असते. माणूस झोपला की हातही झोपतो. हे तिला कुठल्या डॉक्टरने सांगितलं नव्हतं, भिंतीने सांगितलं होतं. टकटक चालू म्हणजे बाबा जागे, थांबली म्हणजे लागली बाबांची झोप, आणि मगच ती कूस बदलायची. पोटात बाळ होतं तेव्हा तर तिला वाटायचं, ही टकटक सुरू झाली की बाळही आत जरा जड होतं, ऐकत राहतं. खरं की खोटं, तपासायची सोय नव्हती, आणि तिला तर प्रत्येक गोष्ट तपासून बघायची खोड. रसायनशास्त्राची पदवी, पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेतली नोकरी. बाळंतपणाची रजा तिला मिळाली होती, तिच्या डोळ्यांना नाही.

ऑपरेशननंतर हात थांबला तो जागेपणीही. बाबा गॅलरीत चहाचा कप धरून उभे राहिले आणि एक थेंब सांडला नाही. आई त्या कपाकडे बघत राहिली नि म्हणाली, "आता बशा पुसायचं माझं काम गेलं. मी करू काय दिवसभर?" गोळ्या निम्म्या झाल्या. आणि झोप! बाबा झोपायला लागले. कूस बदलण्यासाठी आईला हाक मारायची गरज उरली नाही. आपलं अंग आपणच उचलून या कुशीवरून त्या कुशीवर, ऐटीत. दुपारचंही जेवण झालं की अंग टाकायचे ते चहापर्यंत. घरात सगळे खूश. फक्त तिची एक अडचण झाली, आणि ती कुणाला सांगण्यासारखी नव्हती. आता भिंतीवरून काहीच कळेना. झोपलेला माणूस आणि जागा माणूस भिंतीपलीकडून सारखेच, आणि खरं सांगायचं तर तिसऱ्याही प्रकारचा माणूस त्यांच्यासारखाच. मग ती उठून बघायला जायची. बाळाच्या नाकाशी बोट धरायची तसं बाबांच्या नाकाशी धरायची. "आहे, आहे मी," एकदा ते डोळे न उघडता म्हणाले होते, "जा, बेडकीकडे बघ." बेडकी म्हणजे बाळ. पाय पोटाशी घेऊन झटक्यात सोडते म्हणून.

तिने पाळण्यात डोकावलं. बेडकी मुठी वळून गाढ होती. पलीकडच्या दाराशी पोचेपर्यंत यंत्र बिघडण्याचे सगळे प्रकार तिच्या मनात येऊन गेले. तार सरकली, बॅटरी बसली, काल बाजारातल्या स्पीकरच्या दुकानासमोरून गेलो तेव्हा त्यातल्या चुंबकांनी काही झालं का. बाबा उताणे पडले होते, ओंडक्यासारखे. डोळे छताला. उजवा हात पलंगाच्या कडेशी उकळत्या पातेल्यावरच्या झाकणासारखा थडथडत होता, आणि डाव्या हाताखाली यंत्राचा रिमोट.

"बाबा! काय झालं? बंद कसं पडलं?"

"पडलं नाही." त्यांचा आवाज बंद दारामागून आल्यासारखा. गेली काही वर्षं तो तसाच येत होता, ऑपरेशननंतर तर शब्द जरा एकमेकांना चिकटायलाही लागले होते. "केलं."

"केलं म्हणजे?"

"दुपारी पंप बंद. नेहमीचंच."

हे तिला कळलं, कारण त्या पंपाची ती लहानपणापासून ओळखीची होती. बाबा नगरपालिकेच्या तलावावर पोहायला शिकवायचे. अर्ध्या गावाचे ते 'सर', आईसुद्धा चिडली की त्यांना सरच म्हणायची. सकाळची तुकडी संपली की तलाव बंद व्हायचा, गाळणीचा पंप थांबायचा, आणि शाळेतून परस्पर तिथे आलेली ती पायऱ्यांवर बसून बघायची. पंप थांबला की पाणी आधी चकित झाल्यासारखं हलायचं, मग हळूहळू तळाच्या निळ्या फरश्यांच्या रेषा सरळ व्हायच्या. तेव्हा बाबांचा आवाज असा होता की तलावाच्या या टोकाला बोलले तर त्या टोकाचा पोरगा पाय मारायला लागायचा. शिट्टी त्यांच्या गळ्यात असायची, पण ती फुंकलेली कुणाला आठवत नाही. सगळ्या गावाला तरंगायला शिकवलं त्यांनी, फक्त तिला नाही जमलं. पाण्यात उताणी केली की तिची मान ताठ व्हायची, मान ताठ झाली की कंबर बुडायची, कंबर बुडाली की ती सगळीच. बाबा हनुवटीखाली तळहात धरून म्हणायचे, "मान सोड. मान सोडली की बाकीचं पाणी बघतं." तिची मान काही सुटायची नाही. पाण्यावर भरवसा कसा ठेवायचा, तेही आत नक्की काय काय आहे ते माहीत नसताना? बाबा हसून तिला 'दगडा' म्हणायला लागले, ते पुढे लाडाचं नाव झालं. प्रयोगशाळेत नोकरी लागल्याचं कळल्यावर त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं, आमचा दगड आता पाण्याची परीक्षा घेणार.

"यंत्राला विश्रांती लागत नाही बाबा. तसं सांगितलंय त्यांनी. खरं काय ते बोला."

तिने वाकून त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो हलत नव्हता, पण आजार आल्यापासून तो हलायचाच नाही, त्यामुळे त्यावरून काही कळणं अशक्य.

"सराव चाललाय," ते म्हणाले. "आजपासून."

"कसला?"

"न हलता झोपायचा." आवंढा गिळायलाही त्यांना वेळ लागला. "बेडकीला कुशीत घ्यायचंय दुपारची. तू देत नाहीस. तुझं चुकत नाही. हा करंट लाथा मारायला लावतो. बंद ठेवला की नाही मारणार."

"मग लागली झोप?"

"छे! नाकावर माशी बसली तर उठवायला माणूस लागेल. पण ओंडका लाथ मारत नाही ना?"

तिला हसू आलं आणि त्याचं पुढे भलतंच काही होऊ लागलं, म्हणून तिने रिमोट उचलून बटण दाबलं. हात थोडा वेळ तसाच थडथडला, मग बंद केलेल्या पंख्याची पाती थांबतात तसा थांबत थांबत पलंगावर पडून राहिला. चालू केल्यावर थांबते अशी एवढी एकच गोष्ट तिने आयुष्यात पाहिली होती. भिंत गप्प झाली. पलीकडे पाळण्याची कडी करकरली आणि परत थांबली. बाबांनी स्वतःहून कूस वळवली, तिच्याकडे पाठ केली, आणि भिंतीला सांगितल्यासारखं म्हणाले, "तिचं डोकं कसं लागतं खांद्याला, एवढंच बघायचं होतं."

लाथांचं तिला माहीत होतं. ऑपरेशन होऊन बाबा घरी आले त्याच्या थोड्याच दिवसांनी एका दुपारी त्यांच्या खोलीतून माणूस ओरडला होता, "पाय! पाय लांब! ढोपरं नाही वाकवायची!" आणि ती दारातच थिजली होती. इतका मोठा, इतका स्वच्छ, शब्दाला शब्द न चिकटलेला आवाज. तलावावरचा. खोलीत बाबा गाढ झोपेत होते, डोळे मिटलेले, आणि पाय सपासप चालले होते, चादर लांब जाऊन पडलेली. मग एक हात लांबवर गेला, आणि टेबलावरचा दिवा खाली. फुटण्याच्या आवाजाने ते जागे झाले, आणि जागे झाल्याबरोबर पुन्हा तो बंद दारामागचा बारीक आवाज, "काय पडलं ग?" तेव्हापासून दुपारी काम नसताना ती त्या दाराशी घोटाळायची. आईला सांगायची, बाळाला घेऊन फेऱ्या मारतेय. बऱ्याच वेळा काहीच व्हायचं नाही. कधी नुसतं पुटपुटणं. पण झोप पुरती मुरली की कधीतरी तो आवाज यायचा, आणि तिच्या कडेवरची बेडकी मान वळवून दाराकडे बघायची. आजोबांचा हा आवाज बेडकीला ते जागे असताना कधी ऐकायला मिळणार नव्हता. बाळाला तो आत्ताच ऐकवून ठेवावा असं तिच्या मनात होतं की स्वतःलाच ऐकायचा होता, हे तिने तपासलं नव्हतं.

त्यातली सगळ्यात विचित्र गोष्ट दुसरीच होती. ऑपरेशननंतर डॉक्टरांनी बजावलं होतं, पाण्यात एकट्याने उतरायचं नाही; यंत्र बसवलेल्या काही लोकांचं चालणं सुधारतं, लिहिणं सुधारतं, पण पोहणं जातं. का, ते अजून नीट कळलेलं नाही. बाबा हसले होते. हसले म्हणजे नाकातून हवा सोडली होती. पोहणं जातं म्हणजे काय, छत्री आहे का विसरायला? टाके भरल्यावर, परवानगी मिळाल्यावर, ते तिला घेऊन तलावावर गेले. त्यांच्याच हाताखाली शिकलेला जीवरक्षक शेजारी उभा, पाणी कमरेएवढं. बाबा पुढे झेपावले आणि हात एकीकडे, पाय दुसरीकडे, जणू चार वेगवेगळ्या माणसांचे. खाली गेले. जीवरक्षकाने काखेत हात घालून उभं केलं तर बाबा पाणी निथळत म्हणाले, "पाणी बदललंय. काहीतरी घातलंय यांनी. दगडा, तपास." आणि तिने खरंच बाटली भरून नेली, रजेवर असूनही मैत्रिणीकडून तपासून घेतली. पाणी चांगलं निघालं. ते तिने सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, "वाटलंच," आणि पुन्हा तलावाचं नाव काढलं नाही. पण झोपेत ते पोहत होते. हात आणि पाय एकाच माणसाचे होते. मग पोहणं गेलं होतं ते कुठून, आणि राहिलं होतं ते कुठे? त्याच डोक्यात, त्याच तारांच्या आजूबाजूला कुठेतरी एक तलाव भरलेला होता, ज्याला जागेपणाकडून वाटच नव्हती. दुपटी वाळत घालताना, बाळाला पाजताना ती याच्यावर विचार करत बसे, आणि भीतीपेक्षा तिला नवलच जास्त वाटे.

भीती वाटे ती वेगळ्या गोष्टीची. दिवा फुटला तिथे बाळाचं डोकं असतं तर. हे वाक्य तिने मनात एकदाच पुरतं होऊ दिलं होतं, आणि त्यानंतर बाबांनी जेव्हा जेव्हा "दे की तिला थोडा वेळ" म्हटलं तेव्हा बाळाला भूक लागलेली असे, किंवा शी झालेली असे.

तिने दवाखान्यात फोन लावला. यंत्र जुळवून देणाऱ्या सिस्टर होत्या, आई त्यांना 'रिमोटवाली' म्हणायची. सगळं ऐकून सिस्टर म्हणाल्या, "बंद केलं? कुणाला विचारून? सर आहेत ना ते? मग त्यांना सांगा, भर तलावात आपली आपण ट्यूब काढतात का म्हणून."

"पण लाथा त्या यंत्रामुळे..."

"नाही हो. यंत्राने हात थांबतो, अंग सैल होतं, कूस वळते, म्हणून झोप सलग लागते. स्वप्नातल्या लाथा यंत्र देत नाही, आणि बहुतेक वेळा काढतही नाही. त्या आजाराबरोबरच येतात. पुष्कळांना तर हात थरथरायच्या आधी वर्षानुवर्षं असतात. आईंना विचारा बरं."

फोन स्पीकरवर होता. आई भाजी निवडत होती. तिने देठ मोडला, पुन्हा मोडला, आता मोडायला काही उरलं नव्हतं.

"आई?"

"काय आई? मी बाहेर कोचावर का झोपते इतकी वर्षं?"

"बाबा घोरतात म्हणून."

"घोरतात म्हणून! सगळ्या गावाला पोहायला शिकवलं, मला तेवढं झोपेत बुडवायचे. एकदा डोळा काळानिळा झाला तेव्हा कपाटाचं दार लागलं म्हणून सांगितलं मी. त्या वेळी हात थरथरायचाही नाही त्यांचा. पुढे तो आजार कळला. एकेक गोष्ट हातातून चाललेली माणसाच्या, त्यात झोपेतही तुम्ही असं करता म्हणून कुठे सांगत बसू?"

फोनमधून सिस्टर म्हणाल्या, "पुढच्या तपासणीला डॉक्टरांना सांगा. एक गोळी असते. बहुतेकांचं शांत होतं."

"आणि बोलणं?" तिने विचारलं.

"कसलं बोलणं?"

"झोपेत बोलतात ते."

"तेही कमी होईल की. चांगलंच ना?"

"हो," ती म्हणाली. आईने भाजीतून मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आणि तिला कळलं की कोचावर झोपून आईही इतके दिवस तेच ऐकत होती.

बाबांना सगळं आईनेच सांगितलं, दाराआड, बराच वेळ. बाहेर ऐकू आलं ते एवढंच, "मग मी शिष्यच राहिले का तुमच्या लेखी, बायको नाही?" असं आईचं काहीतरी उलटसुलट, आणि मग तिचं हसणं. दुसऱ्या दिवशी बाबा जेवताना म्हणाले, "डोळा कुठला होता?" आईने डावा दाखवला. त्यांनी हात लांब करून, न थरथरता, त्याच्याखाली बोट टेकवलं. "सांगायचं नाही होय?" एवढंच. रिमोट त्यांनी स्वतः आईच्या हातात दिला. आणि बाळाचं नाव काढलं नाही. तेच तिला सोसेना. मागितलं असतं तर तिने कारण काढलं असतं. न मागणाऱ्या माणसाला काय कारण सांगणार?

जेवणं झाल्यावर तिने बाबांच्या खोलीतला पलंग समोरच्या भिंतीकडे सरकवला, जमिनीवर दोन गाद्या जोडून घातल्या आणि पलीकडे, आपला हात पोचेल पण बाबांची लाथ पोचणार नाही इतकं अंतर सोडून, बाळाची छोटी गादी. टेबल बाहेर. पाण्याचा तांब्या बाहेर. आई दारात उभी राहून म्हणाली, "कुस्तीचा आखाडा मांडलास की."

"बाबा, तुम्ही या बाजूला. बेडकी त्या बाजूला. मधे मी."

"तू कशाला?"

"दोन लेनच्या मधे दोरी असते ना? तशी."

बाबांनी गादीकडे पाहिलं, पलीकडे हातपाय हलवणाऱ्या बेडकीकडे पाहिलं. मग गुडघ्यावर हात टेकत, आपले आपण, खाली बसले. नाकातून हवा सोडली. "दोरी म्हणे! दोरी तरंगावी लागते. तू कधी तरंगलीस?"

आधी त्यांनी बाळाला जागेपणी घेतलं. भिंतीला टेकून, दोन्ही हातांनी. डोकं खांद्याला कसं लागतं ते बघितलं. बेडकीने कॉलरबोनखालचा तो उंचवटा चाचपला, यंत्राचा, आणि त्यावर गाल टेकवून जांभई दिली. तिने हात पुढे केले नाहीत. ते मांडीवर दाबून धरले. थोड्या वेळाने बाबांच्याच पापण्या जड व्हायला लागल्या तेव्हा ते म्हणाले, "घे. माझं आता पाणी वाढतंय." तिने बाळ घेतलं, पलीकडच्या गादीवर ठेवलं, आणि दोघांच्या मधे उताणी पडली.

दोन श्वास, दोन बाजूंनी. एक बारीक, घाईचा, मधेच विसरल्यासारखा. दुसरा लांब. भिंत नव्हती आता, काही कळायला भिंतीची गरजही नव्हती. बेडकी झोपली. बाबा झोपले हे त्यांच्या श्वासाची गाठ सुटली तेव्हा कळलं. ती जागी राहिली, तिचं कामच ते. त्यांच्या बोटांना बारीक झटके यायला लागले, मग पापणीखाली डोळे इकडून तिकडे फिरताना दिसले, कुणाला तरी शोधत, आणि मग पहिली लाथ तिच्या नडगीवर बसली. डोळ्यांत पाणी आलं. बरं झालं मधे मीच आहे, तिने मनात म्हटलं, आणि त्याच क्षणी ठरलं की तपासणीला सगळं सांगायचं, गोळी सुरू करायची, नडगीचा डागही दाखवायचा. ठरवल्याचं दुःख झालं, पण त्यावर शंका आली नाही. बेडकी पुढे रांगेल, चालेल, दुपारी आपणच जाऊन आजोबांच्या कुशीत शिरेल. तेव्हा मधे दोरी नसेल.

"पाय!" बाबा ओरडले. केवढा आवाज. खोलीभर पसरून परत आला. बेडकी दचकली नाही. ती झोपेतच ओठ हलवून गप्प झाली. "पाय लांब! शाब्बास!" कोण होतं तिथे? कुणाला शाब्बास? ती कोपरावर उठणार तेवढ्यात त्यांचा हात चादरीवरून सरकत आला. तिने अंग आखडलं, फटक्यासाठी. पण तो हात मारत नव्हता. तो काही शोधत होता, खांदा लागला, गळा लागला, आणि मग मोठा उबदार तळहात तिच्या हनुवटीखाली येऊन थांबला. जराही थरथर नाही. नेमक्या तेवढ्याच जोराने, जेवढा वर धरायला लागतो, एक रतीही जास्त नाही.

"मान सोड," बाबा म्हणाले. हळू, अगदी जवळून, त्या जुन्या आवाजात. "सोड मान. आहे मी."

त्यांच्या स्वप्नात ती होती की दुसराच कुणी पोरगा, हे तपासायची काही सोय नव्हती. तिचा एक हात बाळाच्या गादीच्या कडेवर होता; बोटांना तिथला श्वास लागत होता. बाळंतपणापासून, खरं तर त्याच्याही कितीतरी आधीपासून, मानेत धरून ठेवलेलं काहीतरी तिला जाणवलं, किती जड ते पहिल्यांदाच. छताच्या पांढऱ्यावर खिडकीतून आलेला उजेड हलत होता, मग हलायचा थांबला, त्याच्या रेषा सरळ झाल्या.

तिने मान सोडली.